गूळ जास्त झालाय, विहीणबाई

विहीणबाई, गुळाची पट्टी बिघडली. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत माझ्याच तोंडून ऐका. तुमच्याच स्वयंपाकघरात, तुमच्याच कढईत काल मी पाक केला, तुमच्याच ताटात पट्टी थापली, आणि ती अशी काही बसली की आमचे जावई महेशराव आधी सुरी घेऊन आले, मग उलथनं, मग खलातला बत्ता. बत्त्यानं नुसता एक टवका उडाला. तो टवका जाऊन फडताळावरच्या डब्यावर असा टणकन आपटला की माझ्या ज्योतीला हसू फुटलं. तुम्ही गेल्यापासून या घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं. हसता हसता ती रडायला लागली, ते नंतरचं. पण आधी हसली, हे तुम्हाला मुद्दाम सांगते.

नातेपुत्यात आमचं किराणा-भुसाराचं दुकान. सगळा जन्म गुळाच्या ढेपा फोडण्यात गेला, आणि ऐन वेळी माझाच गूळ चुकला. त्याचं असं झालं, लेकीच्या सासरी हात हलवत जायचं नाही आणि न्यायचं ते दुकानातलं सगळ्यात भारी, ही आमच्याकडची रीत. तुमचा तिसरा दिवस करून घरी गेले होते, परवा परत इकडं यायला निघाले तेव्हाही हात आपोआप वरच्या फळीवर गेला. तिथं तो पिवळाधमक, काडीकचरा नसलेला गूळ असतो. चिक्कीचा. त्याचा पाक थंड झाला की दगड होतो, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगते. गिऱ्हाईक कडक चिक्की करणार असेल तर हाच घे म्हणते, मऊ वडी करणार असेल तर घेऊ नको म्हणते. स्वतःला सांगायचं तेवढं राहून गेलं.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं मी तो गूळ तुमच्या हातात ठेवायची आणि तुम्ही म्हणायचात, "लई चांगला गूळ हाय विहीणबाई, संक्रांतीला ठिवते." वर पट्टीसाठी मऊ, काळपट गूळ तुमच्या पेठेतल्या दुकानातून आणायचात. मी मनात किती जळफळायची! दुकानदाराच्या घरची विहीण असताना गूळ दुसऱ्याच्या दुकानातून आणायचा? एकदा बोलूनही दाखवलं. तुम्ही पदर सावरत म्हणालात, "तुमचा गूळ सणाचा. रोज कशाला बाटवायचा?" म्हणजे तुमचा गूळ पट्टीला कामाचा नाही, हे तुम्ही मला कधी तोंडावर म्हणाला नाहीत. आणि संक्रांतीला खरंच त्याचीच चिक्की करून नातेपुत्याला पाठवायचात.

आता मुद्द्यावर येते. आज शनिवार. सोमवारपासून ज्योती कामावर जाणार. ती एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त गोळा करते, उपाशीपोटीच्या तपासण्यांचं, त्यामुळं उजाडायच्या आत तिला स्कूटी काढावी लागते. लोक उपाशी राहून तिची वाट बघतात आणि ही त्यांच्यापेक्षा जास्त वेळ उपाशी. तिचं रक्त किती कमी झालं होतं आणि ती चक्कर येऊन गाडीवरून कशी पडली होती, हे तुम्हाला मी काय सांगायचं! तुम्हीच तिला पट्टीवर उभं केलंत. आता तुम्ही नाही, आणि पोरगी दोन घास खाते अन् ताट सरकवते. तुमच्या हातच्या शेवटच्या दोन पट्ट्या डब्यात आहेत. त्या ती खातही नाही आणि कुणाला हातही लावू देत नाही. सोमवारी ही अशीच उपाशी निघाली तर काय, ह्या विचारानं मला काही सुचत नाही बघा.

तुमच्याकडच्या रीतीनं तिसऱ्या दिवशी समाधीवर नैवेद्य न्यायचा होता, तेव्हाही पट्टीवरूनच गाडी अडली. तुमच्या आवडीचं काय न्यायचं? ज्योती म्हणाली, पट्टी. महेशराव म्हणाले, "आईनं कधी पट्टी खाल्लेली बगितली का कुनी?" खरंच की! तुमचे दात कधीच गेलेले, आणि कवळी तुम्ही लग्नाकार्यातल्या फोटोपुरती लावायचात. घरभर पट्ट्या वाटणारी बाई, तिनं स्वतः एक चावून खाल्ली नाही. ताटात खाली राहिलेला चुरा तेवढा तुम्ही चहात टाकायचात आणि चमच्यानं खायचात. शेवटी समाधीवर तोच नेला. कपभर चहा आणि चुरा. तुमच्याकडचे एक म्हातारे नाक मुरडत होते, त्यांच्याकडं मी एकदाच बघितलं. परत नाक मुरडलं नाही त्यांनी.

मी तुम्हाला पहिल्यांदा बघितलं ते लग्नाच्या बोलणीत. तोंड असं घट्ट मिटलेलं, की मी घरी येऊन ह्यांना म्हणाले, "बाई लई कडक हाय. आपल्या ज्योतीचं कसं व्हायचं?" कवळी लावल्यावर तुम्हाला तोंड उघडता येत नाही, हे मला कुठं ठाऊक! लग्नात तुमचा मानपान करता करता माझी कंबर मोडली आणि तुम्ही काही हसला नाहीत. अक्कलकोटकडचं माहेर, घरात अर्धं बोलणं कानडीत. मला वाटायचं, कानडीत बोलतात म्हणजे नक्की आमच्याबद्दलच बोलतात.

ज्योती पडली, तेव्हा मी आठ दिवस येऊन राहिले आणि परत गेले. पुढचं मला तिनंच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, सकाळी पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. महेशराव बाजारातून चकचकीत कागदातल्या पौष्टिक पट्ट्यांचा खोकाच घेऊन आले. तुम्ही एक हातात घेतलीत, उलटी केलीत आणि म्हणालात, "मागं काय लिवलंय ते वाच." ते वाचत गेले, तुम्ही बोटांवर मोजत गेलात. साखर. मग दुसऱ्या नावाची साखर. मग कसलं तरी तेल. मग परत साखरेचीच कुणीतरी बहीण. तुम्ही विचारलंत, "ह्यात धान्य कुटं हाय?" शेवटी शेवटी कुठंतरी ओट्स निघाले. "मंग बिस्कुटच खावं की," म्हणालात, "त्याला पौष्टिक कशाला म्हनायचं?" आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही कंबर कसलीत.

आधी लाडू झाले. डिकीत ठेवलेले लाडू दोन गल्ल्या ओलांडायच्या आत भुगा. मग ज्वारीच्या लाह्या घालून वड्या थापल्यात, त्या दुसऱ्या दिवशी चामट. पोहे भाजून घातलेत, ते दाताला चिकटले. ज्योती म्हणायची, "अत्ती, राहू द्या आता." तुमच्याकडं सासूला अत्ती म्हणतात, ती तेच म्हणायची. तुम्ही तिचं ऐकताय होय! आणि एका सकाळी तुमचं लक्ष पुढच्या खोलीतल्या टोपलीकडं गेलं. जन्मभर जे विकून घर चालवलंत ते तुमच्याच दारात होतं. कडक भाकरी. पातळ थापून, भाजून, मंद धगीवर वाळवलेली ज्वारीची भाकरी, महिना महिना टिकते आणि पापडासारखी मोडते. तिचा चुरा, भाजलेले शेंगदाणे, तीळ, जवस, आळीव, खारीक, भोपळ्याच्या बिया, सुंठ, तूप आणि गूळ. ताटात थापली, बोटभर रुंद कापली आणि ज्योतीच्या हातात दिलीत. ती कुरकुरली, पण तुटली नाही.

हे सगळं मला माहीत नव्हतं बरं का. मला दिसला तो फक्त डबा.

नागपंचमीला ज्योती माहेरी आली, डबा घेऊन. मी उघडून बघते तर भाकरीचे तुकडे, गुळात! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. शिळ्या भाकरीचा गूळ घालून कुस्करा आम्ही बी खाल्लाय, पण तो घरात, आपल्या ताटात. लेकीच्या कामाच्या डब्यात सासूनं कुस्करा भरून द्यायचा? ज्योती सांगत होती, "आई, तसं न्हाय, ऐक तरी." मी कशाला ऐकते! दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सोलापूर गाठलं. मुलीची आई विहिणीच्या दारात भांडायला जात नाही, असं सगळे म्हणतात. मी गेले. आजही जाईन.

पुढच्या खोलीत बायका भाकरी थापत बसल्या होत्या. तुमच्याकडं कामाला येणारी, तुम्हाला अक्का म्हणणारी काशीबाई दाराशीच. तुम्ही लगबगीनं उठलात, पाणी पुढं केलंत. मी म्हणाले, "बसाय आले न्हाय मी."

"मंग उभ्यानं प्या," तुम्ही म्हणालात.

"इकायला अख्खी भाकर, आन् माज्या लेकीला तुकडा? हा कुटला न्याय हाय तुमचा?"

खोलीतले सगळे हात थांबले. काशीबाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तुम्ही तिच्याकडं डोळे वटारून बघितलंत. तेव्हा मला वाटलं, चोरी पकडली म्हणून गप्प करतायत. मला आणखी चेव आला. लेक रक्त कमी होऊन पडली, तिला काजू-बदाम द्यायचे सोडून तुकडे चारता, आमच्याकडं काय कमी होतं, दुकान फोडून दिलं असतं, काय वाट्टेल ते बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत. मी दमले, तेव्हा आत गेलात, एक पट्टी आणलीत आणि माझ्यापुढं धरलीत.

"आदी खावा. मग भांडू. भांडायला बी ताकत लागती की."

खाल्ली मी. रागारागानं खाल्ली. आणि विहीणबाई, आज सांगते, पहिल्या घासाला माझा निम्मा राग गेला. तीळ खरपूस, शेंगदाणा गोड, खाली सुंठेची चव, आणि ती भाकरी अशी दातांखाली मोडत होती की दुसरा घास कधी घेतला ते कळलं नाही. पण इतक्या लांब भाडं खर्चून आलेली बाई मी, अशी कशी माघार घेणार? काहीतरी खोट काढायलाच हवी होती.

"गूळ जास्त झालाय," मी म्हणाले.

तुम्ही हसलात. कवळी नव्हती, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखं हसलात. तुम्हाला हसताना बघायची ती माझी पहिलीच वेळ.

त्या दिवसापासून आपलं हे चालूच राहिलं. तुम्ही पट्ट्या केल्या की चार नातेपुत्याला यायच्याच, कुणी ना कुणी येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातून. मी खायची आणि फोन करायची. तुम्ही "हॅलो"सुद्धा म्हणायचा नाहीत. "सांगा, गूळ कसा हाय?" "जास्त." "बरं." फोन बंद. ह्यांना वाटायचं आमचं बिनसलंय. एकदा तुम्ही गूळ मुद्दाम कमी घातलात, ज्योतीनं फोडलं गुपित, आणि मी तरीही जास्तच म्हणाले. तेव्हा तुम्ही फोनवर इतक्या हसलात की ठसका लागला.

एका गुरुवारी आपण दोघी अक्कलकोटला गेलो, आठवतं? दर्शन झाल्यावर मठाबाहेर एका शेंगावाल्या बाईपाशी तुम्ही कानडीत अशा रंगलात की मी ताटकळत उभी. मध्येच तुम्ही माझ्याकडं बोट केलंत, ज्योतीचं नाव घेतलंत, आणि त्या बाईनं मला वाकून नमस्कार केला. मी विचारलं, "काय सांगितलंत तिला?" "काय न्हाय, शेंगा महाग झाल्यात म्हनत हुती." शेंगा महाग झाल्या म्हणून कुणी कुणाच्या पाया पडतं होय? सगळ्या वाटेनं विचारलं, घरापर्यंत विचारलं, तुम्ही काही पत्ता लागू दिला नाहीत. आता ते कोण सांगणार मला? ती शेंगावाली शोधत फिरू का?

इथवर परवा लिहिलं होतं. मध्ये एक दिवस गेला, आणि तो एक दिवस असा गेला की तुमच्याशी भांडल्याशिवाय आता माझं मन शांत व्हायचं नाही.

काल, रविवारी सकाळी मी पुन्हा पट्टीला बसले. महेशरावांना पेठेतल्या तुमच्या नेहमीच्या दुकानी पाठवून मऊ गूळ आणवला. दुकानदाराच्या बायकोनं दुसऱ्याच्या दुकानातून गूळ आणवला म्हणून आमचे हे फोनवर अर्धा तास हसले. हसू देत. मी पुढच्या खोलीत गेले आणि काशीबाईला म्हणाले, "जरा तुकडा दे गं भाकरीचा, पट्टीला पायजे."

तिनं भाकरी थापायची सोडून मान वर केली. "तुकडा? पट्टीत तुकडा कवा हुता?"

"म्हंजे?"

"अक्का पट्टीची भाकर येगळी करायच्या की! आमी यायच्या आदी, पहिल्या पिठाची. लई पातळ, तिळाची, मीठ न घालता. इकायच्या भाकरीत मीठ असतंय, ते गुळाला चालत न्हाय म्हनायच्या. आमाला हात लावू द्यायच्या न्हाईत. ज्योतीताईची भाकर हाय म्हनायच्या."

मी तिच्या परातीपाशी खाली बसले. मग म्हणाले, "आन् मी भांडाय आले तवा कुनी का न्हाय बोललं?"

"मी बोलत हुते. अक्कांनी डोळं वटारलं, तुमी बगितलं की." काशीबाईनं पदरानं कपाळ पुसलं. "तुमी गेल्यावर मी इचारलं त्यास्नी, का म्हून ऐकून घेतलं? तर म्हनल्या, आईचं काळीज हाय, बोलू दे. बोलली न्हाय तर ती आई कसली?"

अहो, काय म्हणायचं ह्याला? तोंड उघडायला काय झालं होतं तुम्हाला? त्यानंतर किती वेळा मी चारचौघांत म्हणाले, "आमच्या विहीणबाईंची तुकड्याची पट्टी खाऊन बघा." बारशाला म्हणाले, वास्तुशांतीला म्हणाले, आणि तुम्ही शेजारी बसून गालात हसत होतात! रोज अंधारात उठून माझ्या लेकीसाठी वेगळी भाकरी थापत होतात आणि त्याला तुकडा म्हटलेलं ऐकून घेत होतात. एवढं मोठं मन कुठून आणलंत? आणि ते आणलंत तर मला एकदा कळू द्यायचंत. मी तुमच्याशी कसं वागले असते माहितीये? तसंच वागले असते म्हणा. पण मनातून तुमच्या पायाशी बसले असते.

मी काल खूप रडले, विहीणबाई. तुम्ही गेल्याच्या दिवशी ज्योतीला सावरायचं होतं म्हणून मी डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. ते सगळं बाहेर आलं, पिठाच्या परातीपाशी. काशीबाई पाठीवर हात फिरवत राहिली आणि माझ्या पाठीवर पिठाचे पंजे उठले.

मग उठले आणि भाकरी थापायला घेतली. आमच्याकडची भाकरी जाड, पोटभरीची. काशीबाई म्हणायची, "जाड हुतीया." मी परत थापायची. "अजून जाड हाय." मला राग आला, तिला म्हणाले, "तू थाप मग." ती म्हणाली, "न्हाय बाई, ज्योतीताईची भाकर घरच्यानीच थापायची." मग कितीतरी भाकरी मोडल्या, फाटल्या, तव्यावर करपल्या. शेवटी शेवटी काही बऱ्या जमल्या. मंद धगीवर ठेवून त्या संध्याकाळपर्यंत कडक झाल्या. मिक्सर नाही वापरला. तुम्ही एकदा म्हणाला होतात, मिक्सरमधून काढली की पीठ होतंय आन् पीठ सगळा गूळ पिऊन टाकतंय. फडक्यात बांधून हातानं मोडली. तूप घालून गूळ वितळवला आणि पहिला फेस आल्याबरोबर खाली घेतला. थापली. कापली. बत्ता लागला नाही.

आज सोमवार. उजाडायच्या आत ज्योती तयार झाली. सॅक पाठीला, हेल्मेट हातात. मी ताट घेऊन उभी होते. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, नको. खरंच नको आत्ता." आणि दाराकडं गेली.

आणि दाराशी जाऊन थांबली. कडी तिच्या हाताशीच होती, तिनं काढली नाही. मला कळेना काय झालं. मग कळलं. रोज तुम्ही तिथं उभ्या असायचात. कडीवर हात ठेवून, तिनं पहिला घास तोंडात घातल्याशिवाय तुम्ही दार उघडायचा नाहीत. ती आपली नुसती उभी होती. कुणीतरी वाट अडवायला येईल म्हणून.

तुमच्या कानडीची मी आयुष्यभर चेष्टा केली. एक शब्द शिकले नाही कधी, पण रोज सकाळी तुम्ही काय म्हणायचात ते कानात होतं. मी गेले, कडीवर हात ठेवला, पट्टी तिच्यापुढं धरली आणि म्हणाले, "तिन्नव्वा."

खा गं बाळे. एवढंच. माझ्या तोंडून ते काही तुमच्यासारखं नीट आलं नाही. ज्योतीचे डोळे भरले, आणि तिनं घास घेतला. सगळी पट्टी तिथंच उभ्यानं खाल्ली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते, तुम्ही बघायचात तसं.

"अत्तींसारखी न्हाय झाली," ती म्हणाली.

"मला ठाऊक हाय."

"पण बरी झालीय." मग ती परत आत आली, फडताळावरचा डबा काढला आणि तुमच्या त्या दोन पट्ट्या कागदात गुंडाळून सॅकमध्ये टाकल्या. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाली, "खायलाच केल्या हुत्या की त्यांनी." रिकाम्या डब्यात तिनं माझ्या पट्ट्या भरल्या, झाकण लावलं आणि डबा जागच्या जागी ठेवला.

मी कडी काढली. स्कूटीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकला, मग दार लोटून आत आले. महेशराव झोपले होते. चहा ठेवला. ताटात तळाला चुरा राहिला होता, तो कपात टाकला, आणि तुम्ही बसायचात त्या खुर्चीत बसून चमच्यानं खाल्ला. भाकरी मऊ झालेली, तीळ दाताला लागत होते, गूळ चहात उतरला होता.

गूळ मी तुमच्याच मापानं घातला होता, विहीणबाई. चिमूटभर कमी नाही की जास्त नाही.

जास्त नव्हता. कधीच नव्हता.